कोरडा चेहरा : खोबरेल, व्हॅसलीन, ग्लिसरीन, कोल्ड क्रीम की सेरामाइडवालं मॉइश्चरायझर?

दिवाळी उरकली की निफाडला थंडी आली हे आमच्या घरात खोबरेलच्या बाटलीवरून कळतं. सकाळी बाटली उपडी केली तरी थेंब पडत नाही, मग ती चुलीशेजारी नाहीतर ओट्यावर उन्हात ठेवायची, आणि बरोबर त्याच आठवड्यात आईचे गाल उलायला लागतात. ती पहाटेपासून द्राक्षबागेत असते, तोंडाला स्कार्फ बांधलेला असला तरी नाकाच्या बाजूला आणि गालाच्या उंचवट्यावर पांढरट पापुद्रे दिसतात, हसली की कातडी ताणते, कधी बारीक चीर पडून आग होते. मी पुण्यात एसी ऑफिसमध्ये नऊ तास बसते, माझाही चेहरा दुपारी तीनपर्यंत कागदासारखा होतो. पण वाऱ्यातला कोरडेपणा वेगळा आणि एसीतला वेगळा, आणि आम्ही दोघी कितीतरी वर्षं एकच बाटली वापरत राहिलो. म्हणून हे सविस्तर लिहितेय, कारण दरवर्षी या दिवसांत चार जणी तरी विचारतात की यातलं नेमकं काय घेऊ.

आधी एवढं समजून घ्या की चेहऱ्याचा सगळ्यात वरचा थर म्हणजे विटांची भिंत समजा, पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधे गवंडी ज्याला माल म्हणतात तसा स्निग्ध माल भरलेला असतो, सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी अ‍ॅसिडचा. हा माल झिजला की आतलं पाणी उडून जातं. आपण लावतो त्या गोष्टी तीनच कामं करतात, काही पाणी धरून ठेवतात, काही फटी बुजवून कातडी मऊ करतात आणि काही वरून झाकण घालतात. कुठली वस्तू कुठलं काम करते हे कळलं की अर्धा निर्णय तिथेच होतो.

आणि क्रीम घ्यायच्या आधी साबणाचं वेष्टण वाचा, खरंच वाचा. त्यावर टॉयलेट सोप लिहिलंय की बेदिंग बार ते बघा, टॉयलेट सोपमध्ये ग्रेड 1 म्हणजे टीएफएम (साबणातला एकूण स्निग्ध अंश) किमान 76 टक्के, ग्रेड 3 म्हणजे 60, आणि बेदिंग बारला याहून कमी चालतं. पण ग्रेड 1 चा साबणही अल्कलीच असतो, पीएच साधारण 9 ते 10, आणि आपल्या कातडीचा 5 च्या आसपास. त्यामुळे थंडीत चेहऱ्याला साबण नकोच, सकाळी नुसतं कोमट पाणी आणि संध्याकाळी कमी फेस होणारा सौम्य फेसवॉश नाहीतर सिंडेट बार, म्हणजे साबण नसलेली सौम्य वडी. बंबातलं कढत पाणी तोंडावर ओतून घेणं बंद केल्यावर आईचा निम्मा त्रास कुठलीही डबी न उघडता कमी झाला, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आता खोबरेल विरुद्ध व्हॅसलीन. गेल्या डिसेंबरात आईच्या डाव्या गालाला खोबरेल आणि उजव्या गालाला व्हॅसलीन असं आठ दिवस लावलं, दोन्हीकडे तोंड धुतल्यावर टॉवेलने हलकेच टिपून, कातडी ओलसर असतानाच. चौथ्या दिवशी उजव्या गालावरची चीर मिटली होती, डावा गाल मऊ होता पण दुपारपर्यंत परत पांढरा पडायचा. हे साहजिकच आहे, पेट्रोलियम जेली झाकण म्हणून फारच जबरदस्त, कातडीतून उडणारं पाणी ती जवळजवळ 98 टक्के अडवते. पण तिच्यात स्वतःचं पाणी अजिबात नसतं, कोरड्या खडखडीत चेहऱ्यावर लावली तर नुसता चिकटा. शिवाय बागेतली धूळ उजव्या गालाला चिकटायची, स्कार्फ तेलकट व्हायचा, त्यामुळे दिवसा ते जमलं नाही. खोबरेल जिरतं, कातडी मऊ करतं, घरात असतंच, त्यात निम्म्याच्या आसपास लॉरिक अ‍ॅसिड असतं, हातापायाला तर मी डोळे झाकून तेच सांगेन. फक्त ज्यांना पुटकुळ्या किंवा ब्लॅकहेड्स येतात त्यांनी चेहऱ्याला लावू नये, त्यांना रोमछिद्रं बुजायचा त्रास होतो. व्हॅसलीन जड वाटतं पण त्या बाबतीत उलट बरं, बिनवासाचं साधं व्हाइट पेट्रोलियम जेली घ्या, रंगीत-सुगंधी नको. ऑलिव्ह ऑइल महाग म्हणून चांगलं असेल असं धरून चेहऱ्याला लावणाऱ्या बऱ्याच आहेत, त्यात ओलेइक अ‍ॅसिड जास्त असतं आणि ते विटांमधला माल उलट सैल करतं, मोहरीचं तेलही कोरड्या कातडीला बरं नाही.

कोकणातल्या माझ्या मावशीकडे तिसरंच उत्तर असतं, कोकमतेल, ती त्याला भिरंडेल म्हणते. कोकमाच्या बियांचं हे तेल थंडीत दगडासारखं घट्ट, गोळाच असतो, तो तळहातावर घासून वितळवायचा. ओठ आणि टाचांच्या भेगांना याच्या तोडीचं मला काही सापडलं नाही, चेहऱ्याला मात्र फक्त उललेल्या जागेवर बोटाने.

ग्लिसरीन-गुलाबपाणी. ग्लिसरीन पाणी ओढून धरतं, पण कुठून ओढतं हा प्रश्न. मुंबईत, रत्नागिरीत, पणजीत हवेतच दमटपणा असतो तिथे ते सुंदर चालतं, निफाड-नागपूरच्या कोरड्या थंडीत किंवा एसीत नुसतं लावलं तर कातडीच्या आतलंच पाणी वर खेचतं आणि तासाभराने चेहरा आणखी ताणतो. मी कॉलेजात असताना मेडिकलमधून आणलेलं शुद्ध ग्लिसरीन तसंच थापायचे आणि चुरचुरलं की वाटायचं असर होतोय! एक भाग ग्लिसरीनला चार भाग गुलाबपाणी, थोडंच करायचं, ओल्या चेहऱ्यावर लावायचं आणि त्यावर लगेच क्रीमचा हात फिरवायचाच.

कोल्ड क्रीम की सेरामाइड, इथे खरा पैशाचा प्रश्न येतो. कोल्ड क्रीम म्हणजे तेल आणि पाणी एकत्र घोटलेलं, पाणी उडताना गार वाटतं म्हणून ते नाव, दुसऱ्या शतकातल्या गॅलेन या वैद्याच्या नावावर त्याची कृती सांगतात, मेण, ऑलिव्ह तेल आणि गुलाबपाणी. आजचं वेगळं असतं पण कल्पना तीच, थोडं पाणी आणि वर झाकण. एरवी चेहरा ठीक असतो आणि फक्त डिसेंबर-जानेवारीत फुटतो असं असेल तर साधं कोल्ड क्रीम पुरे आहे, उगाच चारशे रुपयांची ट्यूब घेऊ नका. त्याची अडचण म्हणजे वास, सुगंधी द्रव्यांनी चिरलेल्या कातडीची आग होते. सेरामाइडवालं बिनवासाचं मॉइश्चरायझर झिजलेला माल भरून द्यायला मदत करतं. ज्यांचा चेहरा बारा महिने कोरडा, काहीही लावलं की चुरचुरतो, ज्या रेटिनॉल (सुरकुत्या-पुटकुळ्यांसाठीचं अ जीवनसत्त्वाचं क्रीम) लावतात, किंवा ज्या पोरांना लहानपणापासून इसब आहे, त्यांनी तिथे पैसे घालावेत. लेबलवर घटक जास्तीपासून कमीकडे लिहितात, तेव्हा ग्लिसरीन पहिल्या चार-पाचांत आहे का, आणि परफ्यूम किंवा फ्रॅग्रन्स लिहिलंय का एवढं बघा. सेरामाइड यादीत खाली दिसलं तर घाबरू नका, ते थोडंच लागतं.

घरगुतीमध्ये साय चालते, दहा मिनिटांनी कोमट पाण्याने धुवायची. बेसन-लिंबू आणि मुलतानी माती कोरड्या चेहऱ्याला अजिबात नको, माती तेल शोषायलाच असते. उटणंही तेल लावल्यावरच, अभ्यंगस्नानात आधी तेल मुरवतात ते उगाच नाही.

एक मात्र कळकळीने सांगते, प्रत्येक पापुद्रा कोरडेपणाचा नसतो. भुवयांत आणि नाकाच्या घडीत पिवळट तेलकट खवले आणि डोक्यात कोंडा असेल तर ती कोंड्याचीच बुरशी असू शकते, तिथे तेल चोपडलं तर वाढतं. पोरांच्या गालावर फिकट चट्टे आले की घरात कॅल्शियम कमी आहे, जंत झालेत असं चालू होतं, बहुतेक वेळा ती कोरड्या कातडीचीच गोष्ट असते, मॉइश्चरायझर आणि उन्हापासून जपणं यानेच हळूहळू जाते, काही महिने लागतात. पण चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल, बधिर वाटत असेल तर सरळ सरकारी दवाखाना गाठा, कुष्ठरोगाची तपासणी आणि औषध तिथे मोफत आहे, आणि वेळेत घेतलं तर पूर्ण बरं होतं.

माझ्या चुलत बहिणीला मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय एक ट्यूब दिली होती. आठ दिवसांत चेहरा गुळगुळीत, म्हणून तिने सहा महिने लावली, मग कातडी पातळ, उन्हात लालबुंद, बारीक पुटकुळ्या, आणि बंद केली की आग आग. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे, 2018 मध्ये सरकारने अशी बरीच मलमं शेड्यूल एच मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचीच नाहीत. कोरडेपणासाठी तर मुळीच नाही. ती अजून डॉक्टरांकडे जातेय.

तर आमच्याकडे आता असं चाललंय. आई सकाळी कोमट पाण्याने तोंड धुते, ओलसर असताना बिनवासाचं क्रीम, त्यावर सनस्क्रीन, मग स्कार्फ, आणि रात्री निजताना उललेल्या जागी व्हॅसलीन. मी सकाळी सेरामाइडवालं आणि सनस्क्रीन, दुपारी तोंडावर पाण्याचा हात फिरवून परत थोडं तेच, नुसतं पाणी मारून सोडलं तर जास्त कोरडं पडतं. नवीन काही घेतलं तर आधी तीन दिवस जबड्याखाली लावून बघतो. आणि खोबरेलची बाटली अजूनही ओट्यावर उन्हातच असते, आईच्या हातापायांसाठी.