एलएस५० मेटाला काय जोडावं: बेंचमार्क एएचबी२ आणि कॅनारे ४एस११

केईएफ कंपनीच्या एलएस५० मेटा या स्पीकरच्या माहितीपत्रकावर ‘८ ओम’ (विजेला होणारा विरोध, म्हणजे इम्पीडन्स) लिहिलेलं असतं आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. त्याच पत्रकात आणखी एक आकडा असतो: किमान ३.५ ओम, कारण हा विरोध स्वरागणिक कमी-जास्त होतो. अ‍ॅम्प्लिफायरची खरी परीक्षा या दुसऱ्या आकड्यावर होते. त्यात संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक व्होल्टेजला मिळणारा आवाज, फक्त ८५ डेसिबल (२.८३ व्होल्टला, १ मीटरवर). दिसायला छोटा असला तरी हा स्पीकर वॅटही मागतो आणि करंटही. त्याच्यासाठी बेंचमार्कचा एएचबी२ हा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर आणि कॅनारेची ४एस११ ही केबल कशी पडते, ते इथे बघू. निकाल आधीच सांगतो: जोडणी उत्तम आहे. पण अ‍ॅम्प्लिफायरच्या मागचा एक स्विच चुकीच्या जागी राहिला, तर सगळा खर्च वाया गेल्यासारखा वाटेल.

किती वॅट लागतात, हे अंदाजाने ठरवू नये, हिशोब करावा. ऐकण्याची जागा ३ मीटरवर असेल तर अंतरामुळे साडेनऊ डेसिबल जातात. दोन स्पीकर मिळून ३ परत येतात आणि भिंतींच्या परावर्तनातून आणखी ३ च्या आसपास. म्हणजे १ वॅटला खुर्चीपाशी साधारण ८१.५ डेसिबल. ऐकण्याची सरासरी पातळी ८० धरली आणि ड्रमच्या फटक्यासाठी वर २० डेसिबलची मोकळीक ठेवली, तर १०० डेसिबलपर्यंत पोचायला हवं. त्यासाठी १८.५ डेसिबल जास्त लागतात, म्हणजे ७० वॅट. केईएफची स्वतःची शिफारस ४० ते १०० वॅटची आहे आणि एएचबी२ ८ ओमला १०० वॅट देतो. आकडे जुळतात.

पण ८ ओमचे १०० वॅट अनेक अ‍ॅम्प्लिफायर देतात. फरक दिसतो तो ४ ओमला. एखाद्याच्या पत्रकात ८ ओमला १०० आणि ४ ओमला १२० असं असेल, तर ४ ओमवर त्याचा व्होल्टेज २८ वरून २२ वर घसरतो. हे जवळजवळ सव्वादोन डेसिबल झाले, आणि तेही नेमके जोरकस भागात, जिथे स्पीकर जास्त करंट मागतो. ऐकणाऱ्याला आवाज कमी झाल्यासारखा वाटत नाही, तो आवळल्यासारखा वाटतो. एएचबी२ ४ ओमला १९० वॅट देतो, म्हणजे व्होल्टेज जवळपास तसाच राहतो. वीजपुरवठा आणि आउटपुट स्टेज दमदार असल्याची ही खूण. अ‍ॅम्प्लिफायर कोणताही घ्या, आधी हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा.

आता तो स्विच. एएचबी२च्या मागे तीन जागांचा गेन (सिग्नल किती वाढवायचा तो) स्विच असतो: ९.२, १७ आणि २३ डेसिबल. स्टुडिओतल्या उपकरणांचा सिग्नल मोठा असतो, म्हणून सर्वात खालचा गेन त्यांच्यासाठी आहे. घरातला डॅक (डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग करणारं उपकरण) आरसीए या साध्या जोडणीतून साधारण २ व्होल्ट देतो. ९.२ डेसिबलला त्याचे पावणेसहा व्होल्ट होतात आणि ८ ओममध्ये जेमतेम ४ वॅट निघतात. मधल्या जागेवर २५ वॅट. पूर्ण १०० वॅट हवे असतील तर २ व्होल्टच्या स्रोताला २३ डेसिबलच लावायला हवा. एक्सएलआर या तीन पिनांच्या जोडणीतून ४ व्होल्ट येत असतील तर मधली जागा योग्य, कारण गेन जितका कमी तितका आधीच्या उपकरणांचा खरखराट कमी वाढतो. ‘या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये दम नाही’ असं कोणी म्हटलं, तर आधी हा स्विच कुठे आहे ते विचारावं.

इनपुट फक्त एक्सएलआर आहेत, आवाजाचं बटण नाही. म्हणजे प्रीअ‍ॅम्प (पॉवर अ‍ॅम्प्लिफायरच्या आधीचं, आवाज कमी-जास्त करणारं उपकरण) किंवा व्हॉल्यूम कंट्रोल असलेला डॅक हवाच. स्रोत आरसीएचा असेल तर छोटा अडॅप्टर खोचण्यापेक्षा शील्डच्या (बाहेरच्या धातूच्या आवरणाच्या) आत दोन तारा असलेली केबल करून घ्यावी: आरसीएची मधली पिन एक्सएलआरच्या २ नंबरला, दुसरी तार ३ नंबरला, शील्ड १ नंबरला. ३ नंबरची तार आणि शील्ड आरसीएच्या टोकालाच एकत्र जोडायची, एक्सएलआरच्या टोकाला नाही. ही जोडणी उलट टोकाला झाली की शील्डमधून वाहणारा करंट सिग्नलमध्ये मिसळतो आणि हम (घुमणारी गुणगुण) ऐकू येतो.

व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर आवडत असेल तर त्याची गोडी बऱ्याचदा कुठून येते ते माहीत असावं. त्याचा आउटपुट इम्पीडन्स (अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा विरोध) २ ओम धरला, तर स्पीकरच्या ३.५ ओमच्या खळग्यात जवळजवळ ४ डेसिबल जातात आणि २० ओमच्या उंचवट्यावर एकही पूर्ण जात नाही. म्हणजे ३ डेसिबलचा टोन कंट्रोलच आपोआप लागला. तो कानाला भावू शकतो, पण स्पीकर बदलला की तोही बदलतो.

हेच गणित केबललाही लागू आहे, फक्त आकडे बरेच लहान. ५ मीटरची साधी १८ गेजची (गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड) तार जाऊन-येऊन ०.२१ ओम होते. ३.५ ओमवर अर्धा डेसिबल जातो, २० ओमवर दहावा भाग. फरक ०.४ डेसिबलचा, आणि तो बऱ्याच स्वरांवर पसरलेला असेल तर लक्ष देऊन ऐकणाऱ्याला जाणवू शकतो. ४एस११ मध्ये १४ गेजच्या चार तारा आहेत. दोन-दोन जोडल्या की ११ गेज होतात, तेवढ्याच लांबीला ०.०४१ ओम. इथे फरक ०.०८ डेसिबलवर येतो आणि विषय संपतो. याहून जाड किंवा महाग केबल घेऊन या हिशोबात ऐकू येण्याजोगं काही उरत नाही. चार तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असल्यामुळे इंडक्टन्सही (करंट बदलताना केबल करते तो विरोध) साध्या दुपदरी तारेपेक्षा कमी राहतो. अपवाद काही अ‍ॅम्प्लिफायरचा, ज्यांना केबलचा थोडा इंडक्टन्स हवा असतो. नेम ही कंपनी आपल्या पॉवर अ‍ॅम्प्लिफायरसाठी किमान साडेतीन मीटर केबल सांगते, ते या कारणाने.

केबल जवळजवळ ११ मिलिमीटर जाड आहे, सहज वळत नाही. टोकं करताना बाहेरचं आवरण ४० मिलिमीटर सोलावं, पण सुरी खोल जाऊ देऊ नये, आतल्या इन्सुलेशनला चीर पडते. समोरासमोरच्या तारा एकाच रंगछटेच्या असतात: दोन लाल धनला, दोन पांढऱ्या ऋणला. शेजारशेजारच्या जोडल्या तर इंडक्टन्सचा फायदा जातो. प्रत्येक तार १२ मिलिमीटर सोलून जोडी एकत्र पिळावी. दोन मिळून सव्वाचार चौरस मिलिमीटर भरतात, म्हणून ४ चौरस मिलिमीटरचा बनाना प्लग (टर्मिनलमध्ये खोचायचं टोक) तंग होतो. ६ चौरस मिलिमीटर घेणारा आणावा, त्याच मापाची फेरूल (तारेच्या टोकावरची धातूची नळी) दाबून क्रिंप करावी. स्क्रूच्या प्लगमध्ये टोकाला सोल्डर मुळीच लावू नये. दाबाखाली सोल्डर हळूहळू सरकतं, सहा महिन्यांनी स्क्रू सैल होतो आणि एका बाजूचा आवाज येतो-जातो. बाहेर राहिलेला तारेचा एकच केस शेजारच्या टर्मिनलला टेकला तरी शॉर्ट होतो, त्यामुळे प्लग बंद करण्याआधी उजेडात फिरवून बघावा.

एलएस५० मेटाला टर्मिनलची एकच जोडी आहे, तेव्हा बायवायरिंगचा (वूफर आणि ट्वीटरला वेगळ्या केबल लावण्याचा) प्रश्नच नाही. टर्मिनल बोटांनीच आवळावं. पाना लावला की खांब आत फिरतो आणि मागचं सोल्डर तुटतं. ध्रुवता तपासायला अ‍ॅम्प्लिफायरकडचं टोक सोडवून १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा: धनला धन असेल तर वूफरचा कोन बाहेर येतो. दोन स्पीकर उलट-सुलट लागले असतील तर गायकाचा आवाज मध्यभागी ठरत नाही आणि बेस पातळ होतो.

दुसरा एएचबी२ घेऊन दोन्ही ब्रिज करायचा (प्रत्येकाचे दोन चॅनल जोडून एका स्पीकरला द्यायचा) मोह होतो. ८ ओमला ३८० वॅट मिळतात हे खरं, पण या स्पीकरला १०० च्या वर देण्यात अर्थ नाही, आणि ब्रिजमध्ये अ‍ॅम्प्लिफायरच्या प्रत्येक अर्ध्याला ३.५ ओमचा खळगा १.७५ ओम दिसतो. तो पैसा सबवूफरला द्यावा. एलएस५० मेटा ३ डेसिबलच्या मर्यादेत ७९ हर्ट्झपर्यंतच उतरतो. प्रीअ‍ॅम्पमधून ८० हर्ट्झच्या खालचं काढून घेतलं, की छोट्या वूफरची ओढाताण थांबते आणि अ‍ॅम्प्लिफायरचंही ओझं उतरतं. आधीपासून ब्रिज केलेला अ‍ॅम्प्लिफायर असेल तर मात्र सबवूफरच्या स्पीकर-लेव्हल इनपुटची काळी तार त्याच्या ऋण टर्मिनलला लावू नये. ब्रिजमध्ये ते टर्मिनलही जिवंत असतं, म्हणजे त्यावरही सिग्नल असतो.