75 इंची डिजिटल पॅनल: दहावी 'ब'च्या वर्गातले सात महिने

नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या मराठी माध्यमाच्या शाळेला माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून जूनमध्ये टच पॅनल घेऊन दिला. मी 21 वर्षं गणित शिकवतेय. अंबड, सातपूरकडच्या ओळखीच्या शिक्षिका विचारतात, घ्यावा का? माझं उत्तर: घ्या, पण फळा काढू देऊ नका.

आमच्याकडे बसवायला आलेल्या मुलांनी फळ्याच्या मधोमधच पॅनल ठोकला. दोन्ही बाजूंना दोन-दोन हातच फळा उरला. आठवड्याभरात पॅनल मनानेच रेघा ओढायला लागला. तक्रार केली तर पुरवठादाराचा माणूस 11 दिवसांनी आला आणि कापडाने चौकट पुसून गेला. कारण त्याच्याकडूनच कळलं. या प्रकारच्या पॅनलच्या चौकटीतून काचेवर अवरक्त किरणांची जाळी पसरलेली असते. बोटाने किरण अडला की स्पर्श कुठे झाला ते त्याला समजतं. पण किरण खडूच्या भुकटीनेही अडतो. साडीचा पदर काचेला घासला तरी रेघ उमटते. आणि आमची शाळा दुपारची, पश्चिमेच्या खिडकीतून तीननंतर ऊन थेट काचेवर यायचं, तेव्हा तर टच पार बिघडायचा.

शेवटी मुख्याध्यापकांनी पॅनल डावीकडच्या कोपऱ्यात हलवला, फळा उजवीकडे पुन्हा सलग लावून घेतला. रविवार कारंज्यावरून जाड कापड आणून पडदे शिवले. बाकांच्या रांगा जरा तिरक्या केल्या, म्हणजे खिडकीकडच्या मुलांनाही काच चमकल्याशिवाय दिसते. खर्च म्हणाल तर फारसा नाही, पण पॅनल खऱ्या अर्थाने वापरात आला तो त्यानंतरच.

आता मुख्य गोष्ट. वर्तुळाच्या प्रकरणात अंतर्लिखित कोनाचं, म्हणजे ज्याचा शिरोबिंदू वर्तुळावरच असतो त्या कोनाचं प्रमेय आहे: कोनाचं माप त्याने अंतर्खंडित केलेल्या, म्हणजे त्याच्या दोन भुजांमध्ये सापडलेल्या कंसाच्या निम्मं असतं. इतकी वर्षं मी फळ्यावर तीन वेगवेगळ्या आकृत्या काढून हे सांगत आले. मुलं पाठ करायची, पण खरं वाटल्याचं त्यांच्या तोंडावर दिसायचं नाही. यंदा जिओजेब्रा हे भूमितीच्या आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर उघडलं. मोफत आहे, एकदा घेतलं की नेट लागत नाही. वर्तुळावर ए आणि सी बिंदू ठेवले, मधला कंस 70 अंशांचा. बी बिंदू मोठ्या कंसावर ठेवला आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीला बोलावून म्हटलं, सरकव. ती बी फिरवत राहिली, बीपाशी होणारा कोन 35 तो 35च. वर्गातून आवाज आला, "अजून पुढं ने!" बी बिंदू ए ओलांडून छोट्या कंसावर गेला आणि आकडा एकदम 145 झाला.

सगळे गप्प. मग तीच मुलगी म्हणाली, "मॅडम, बी बरोब्बर ए बिंदूवर ठेवला तर?"

हा प्रश्न मला 21 वर्षांत कुणी विचारला नव्हता. बी हळूहळू ए बिंदूकडे न्यायला सांगितला. त्या दोघांतून जाणारी रेषा वळत वळत वर्तुळाच्या स्पर्शिकेला, म्हणजे वर्तुळाला एकाच बिंदूत टेकणाऱ्या रेषेला जाऊन मिळते, आणि कोन तरीही 35! स्पर्शिका आणि जीवेतल्या कोनाचं प्रमेय मी तीन दिवसांनी घेणार होते, ते तिने त्या तासालाच दारात आणून उभं केलं.

पण सिद्धता? ती मी फळ्यावर घेतली. आमचा फळा 12 फूट लांब आहे, पॅनलची रुंदी साडेपाच फूट. शेवटच्या बाकावरून वाचता येईल एवढ्या अक्षरात लिहिलं तर पॅनलवर चार-पाच ओळी मावतात आणि पुढचं पान काढलं की पक्ष, म्हणजे प्रमेयात दिलेली माहिती, दिसेनासा होतो. फळ्यावर पक्ष, साध्य, रचना आणि सिद्धतेच्या सगळ्या पायऱ्या तासभर समोर राहतात. मुलगा सातव्या पायरीवर अडला तर मान वर करून दुसरी पायरी बघतो. हे मला फार मोलाचं वाटतं.

पॅनलसोबत आलेल्या तयार धड्यांचा आम्हाला उपयोग झाला नाही. बहुतेक इंग्रजीत, आणि प्रकरणांचा क्रमही आपल्या पुस्तकाचा नाही. त्यापेक्षा बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षा या सरकारी शैक्षणिक पोर्टलवर जाणं बरं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये मुलांना फोनवर त्याच लिंक पाठवायचो, त्या अजून कामाला येतात.

लाइट गेली की पॅनल बंद. शाळेचा इन्व्हर्टर पंखे आणि ऑफिसपुरताच आहे. तेव्हा पॅनलच्या बजेटमध्ये इन्व्हर्टर आधीच धरा. आणि दुकानात बघून पसंत करू नका. नमुन्याचा पॅनल तुमच्याच वर्गात दुपारी तीन वाजता लावायला सांगा, शेवटच्या बाकावर स्वतः बसून बघा, दुरुस्तीला किती दिवसांत येणार ते लेखी घ्या.

येत्या जूनमध्ये नववीला दुसरा पॅनल येतोय. त्या खोलीत भिंतीचं माप घेऊन आलेय. फळा आहे तिथेच राहील, पॅनल दाराकडच्या बाजूला.