कॉलर माइक घ्यावा की बूम? दोन्ही वापरून झाल्यावर

शॉर्टफिल्म करायचीय, कॅमेरा म्हणून फोन आहेच, हातात दहा-बारा हजार आहेत तर आता काय घेऊ, असं ओळखीतले बरेच जण विचारतात आणि विचारतानाच त्यांच्या मनात गिंबल (फोन हलू नये म्हणून धरायचा दांडा) किंवा लेन्स ठरलेली असते. मी दरवेळी म्हणतो आधी आवाजाचं बघा. चित्र जरा हललं, जरा अंधारं आलं तरी माणसं बघतात, पण संवाद कळेनासे झाले की पुढचं बघत नाहीत, मग तुम्ही सीनमध्ये कितीही जीव ओतलेला असो.

या बजेटमध्ये आवाजासाठी दोनच रस्ते आहेत. एक म्हणजे वायरलेस कॉलर माइकचा सेट, नाहीतर मग काठीच्या टोकाला छोटा शॉटगन माइक, म्हणजे समोरच्या दिशेचाच आवाज जास्त पकडणारा नळीसारखा माइक, लावून तो हातातल्या रेकॉर्डरला जोडायचा, म्हणजे बूम. पहिल्या दोन फिल्म मी कॉलरवर केल्या, तिसरी बूमवर. चौथीचं लिखाण चालू आहे आणि कॉलरचा सेट अजून विकलेला नाही हे आधीच सांगतो, म्हणजे मी एका बाजूला पूर्ण झुकून बोलतोय असं वाटायला नको.

कॉलरची बाजू आधी मांडतो, कारण ती खरंच भक्कम आहे. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर असतो, आणि आवाजात अंतर हीच मोठी गोष्ट आहे, अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो, म्हणजे वीतभर लांबचा माइक चार वीत लांब नेलात तर १२ डेसिबल गेले, आणि पंखा, रस्ता, शेजारचा टीव्ही हे सगळं मात्र होतं तेवढंच राहतं. गोंगाटात कॉलर तारून नेतो तो यामुळे. शिवाय लांबचे शॉट. दोघं जण बोलत बोलत बांधावरून येतायत आणि कॅमेरा इकडे विहिरीपाशी, अशा वेळी बूम घेऊन उभं राहणार कुठे, फ्रेममध्येच येणार. एकट्याने शूट करत असाल तर विचारच करायला नको, कॉलर घ्या. नव्या सेटपैकी काहींमध्ये ट्रान्समीटरमध्येच, म्हणजे कलाकाराच्या अंगावरच्या डबीतच, रेकॉर्डिंग होतं, डीजेआय माइक २ मध्ये तर ते ३२ बिट फ्लोटमध्ये होतं, म्हणजे कुणी अचानक ओरडलं आणि लेव्हल वर गेली तरी एडिटला ती खाली आणता येते. आणि वायर चालणार असेल तर बोयाचा एम-१ हजाराच्या आसपास मिळतो, ६ मीटरची वायर, एक बटण सेल, झालं. बसून घ्यायच्या मुलाखतीला मी आजही तोच सुचवतो.

वायरलेसमध्ये एक लक्षात ठेवा, हे स्वस्तातले सेट बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे वायफायचीच पट्टी, आणि माणसाचं अंग मध्ये आलं की सिग्नल अडतो. कलाकार पाठमोरा झाला की शब्द तुटतो ते त्यामुळे. पण हे सांभाळून घेता येतं, रिसीव्हर, म्हणजे फोनला लागणारी डबी, समोरच्या बाजूला ठेवला की बराच फरक पडतो, माझं मन त्याच्यावरून फिरलं नाही.

मन फिरलं ते मंगळसूत्रामुळे.

दुसऱ्या फिल्ममध्ये सासू-सुनेचा सीन होता, साताऱ्याजवळ आत्याच्या घरी, सोप्यात बसून सासू पावट्याच्या शेंगा सोलतेय आणि सून माहेरी जायचं बोलतेय. सासूचं काम शेजारच्या काकूंनी केलं, आयुष्यात पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर, आणि काय केलं म्हणून सांगू. मान वर न करता, शेंग मोडता मोडता, 'मग जाणारच म्हणतेस' एवढंच म्हणाल्या आणि कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या आत्याचे डोळे भरून आले. आमच्या फोनला एकच पोर्ट, त्यात रिसीव्हर लावलेला, त्यामुळे शूट चालू असताना ऐकायची सोय नव्हती, रात्री बसून हेडफोनवर ऐकलं तर त्या वाक्याच्या ऐन मध्यावर खर्रर्र. काकू शेंग घ्यायला पुढे वाकल्या की मंगळसूत्र पुढे सुटायचं, काळे मणी माइकवरून घासत जायचे आणि मागे होताना वाट्या एकदा टक् करून आपटायच्या. पाटीभर शेंगा होत्या, म्हणजे किती वेळा वाकल्या असतील बघा. तीन मिनिटांच्या टेकमध्ये सलग स्वच्छ अशी दोन वाक्यंही मिळाली नाहीत.

दुसऱ्या दिवशी परत गेलो. काकूंना म्हटलं, मंगळसूत्र तेवढं सीनपुरतं काढून ठेवता का? तर म्हणाल्या, 'बाकी काय सांगशील ते करते बाबा, ते नको सांगू.' बरोबरच होतं त्यांचं, आणि खरं म्हणजे मी विचारायलाच नको होतं, कारण सीनमध्ये सासऱ्यांचा उल्लेख आहे, ते शेतावर गेलेत, आणि बाईच्या गळ्यात मंगळसूत्र नाही म्हटल्यावर बघणाऱ्याला गोष्ट वेगळीच कळली असती. मग माइक पोलक्याच्या आत लावून बघितला, मेडिकलमधली मायक्रोपोर टेप आणून, तर आवाज दबका झाला आणि वर पदराची सळसळ सुरू झाली, साडी सुती, नुकती खळ केलेली. पदरालाच टाचून बघितला, तर पदर सरकला की माइक फिरतो. नाटकवाले केसांच्या कडेला लावतात तसंही केलं, क्लोजअपमध्ये वायर दिसायला लागली. आणि दरवेळी हे सगळं करायला काकूंना आतल्या खोलीत जावं लागायचं, आत्या वायर आतून घेणार, आम्ही बाहेर थांबून दारातून सांगणार की जरा डावीकडे, जरा वर. चार वेळा झाल्यावर काकूच म्हणायला लागल्या, 'थांब रे, लागेल त्याला.' त्या माइकला सांभाळून वाकायला लागल्या. हात अंगापासून लांब, मान ताठ. आदल्या दिवशीचं ते वाक्य परत काही आलं नाही. माझ्यासाठी निकाल तिथे लागला.

यावर कुणी म्हणेल की सॉफ्टवेअरने काढायचा आवाज. मी आठवडाभर तेच करत बसलो होतो. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरच्या फेअरलाइट या आवाजाच्या पेजवर नॉइज रिडक्शन आहे, फुकट आहे, आणि पंख्याची घरघर, फ्रिजची गुणगुण असा एकसारखा आवाज त्याने चांगला कमी होतो, कारण आधी नुसत्या पंख्याचा नमुना घेता येतो आणि मग तेवढंच वजा होतं. घासण्याचा आवाज एकसारखा नसतोच, दरवेळी वेगळा, आणि नेमका बोलण्याच्याच पट्ट्यात पसरलेला. तो काढायला गेलं की शब्द पण खरवडून निघतो, बाई पत्र्याच्या डब्यातून बोलतेय असं वाटतं. रिझॉल्व्हमधलं व्हॉइस आयसोलेशन, म्हणजे बोलणं वेगळं काढणारी सोय, यापेक्षा बरं काम करतं, पण ते विकतच्या स्टुडिओ आवृत्तीत आहे. डबिंगचाही विचार केला. आपल्याकडे कित्येक वर्षं सगळं डबिंगच असायचं, जुने अ‍ॅरी २ सी कॅमेरे चालताना एवढा आवाज करायचे की सेटवरचा आवाज नुसता संदर्भाला ठेवायचे. पण ते नट मुरलेले होते, काकूंना बंद खोलीत पडद्यासमोर बसवून तेच वाक्य परत म्हणायला लावायला माझं मन धजलं नाही.

तर तिसऱ्या फिल्मला बूम. जुना हातातला रेकॉर्डर साडेपाच हजारांना मिळाला, छोटा शॉटगन साधारण चार हजार, आणि काठी म्हणाल तर रंगारी रोलरला लावतात ती लांब-आखूड होणारी दांडी, हार्डवेअरच्या दुकानातून साडेसहाशेची. दांडीचे आटे माइकच्या क्लॅम्पला बसत नाहीत, मी लेथवाल्याकडून एक तुकडा करून घेतला. रेकॉर्डर दांडीलाच खालच्या बाजूला बांधला आणि त्यातूनच हेडफोन, म्हणजे जो बूम धरतो तोच ऐकतो, आणि टेकच्या मधेच हात वर करून सांगतो की गाडी गेली, परत घ्या. माझ्या मते हा सगळ्यात मोठा फायदा आहे, आवाज खराब आलाय हे तिथल्या तिथे कळतं, रात्री घरी जाऊन नाही.

अडचणी आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. एक माणूस वाढतो. दोन्ही हात डोक्यावर ताणून चार-पाच मिनिटं दांडी धरायची म्हणजे खांदे भरून येतात, आमच्या मित्राने दुसऱ्या दिवशी दोन्ही खांद्यांना बाम लावून काम केलं. दिवा एका बाजूने असेल तर भिंतीवर बूमची सावली पडते. मे महिन्यात पंखा बंद करून बसावं लागतं, कॉलरवर पंखा थोडाफार चालून जातो, बूमवर अजिबात नाही. कोकिळा, कुकरच्या शिट्ट्या, टाकीत पाणी चढवायची मोटर, सगळं येतं, थांबायची तयारी पाहिजे. वाऱ्यात वरची केसाळ टोपी नसेल तर काहीच उपयोगाचं नाही. आणि छोट्या खोलीत, फरशी आणि उघड्या भिंती असतील तर शॉटगन माइक घुमतो, भिंतीवरून परत आलेला आवाज त्याच्या नळीत शिरून बोलणं पोकळ करतो. त्याला आम्ही घरातल्या होत्या तेवढ्या गोधड्या आणि सतरंज्या काढून कॅमेऱ्याच्या मागे आणि फ्रेमबाहेर जमिनीवर टाकल्या, मला तरी तेवढ्याने पुष्कळ फरक जाणवला. माइक वरून, फ्रेमच्या कडेला अगदी चिकटून, टोक तोंडाकडे नाही तर छातीकडे, दीड हाताच्या आत. दोन हातांवर गेला की माझ्या कानाला तरी लगेच खोली ऐकू यायला लागते.

तिसऱ्या फिल्ममध्ये परत त्याच काकू. या वेळी अंगावर काही नाही, वायर नाही, आत जाणं नाही, आल्या तशा बसल्या आणि बोलल्या. मंगळसूत्र होतंच, वाकल्या की वाजायचंही. पण बूमवर ते वाजलं ते आपल्याला समोर बसून ऐकू येतं तसं, बारीक, शब्दाच्या मागे. मी ते एडिटला तसंच ठेवलंय. कॉलरवरचा आवाज लांबच्या शॉटलाही कानाशी बोलल्यासारखा येतो, बूमवर माणूस जिथे आहे तिथूनच बोलतोय असं वाटतं, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

वेगळा आवाज घ्यायचा म्हटल्यावर लोक सिंकला, म्हणजे तो आवाज चित्राशी जुळवायला, घाबरतात, त्याबद्दल थोडक्यात. टाळी वाजवा, नाही वाजवली तरी रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत दोन्ही क्लिप निवडून ऑटो सिंक ऑडिओमध्ये वेव्हफॉर्म निवडलं की आपोआप जुळतं, फक्त फोनचा स्वतःचा आवाज चालू ठेवा, त्याच्याशीच ताडून बघतं ते. त्रास होतो तो फोनच्या फ्रेम रेटमुळे, म्हणजे सेकंदाला किती चित्रं घेतो त्यामुळे, बरेच फोन फ्रेम रेट स्थिर ठेवत नाहीत, सुरुवातीला जुळलेले ओठ पाचव्या मिनिटाला मागे पडतात. ब्लॅकमॅजिक कॅमेरा अ‍ॅप फुकट आहे, आयफोनवर २०२३ पासून आणि काही अँड्रॉइड फोनवर २०२४ पासून, त्यात २५ फ्रेम आणि शटर १/५० लावून ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ट्यूबलाइट लुकलुकत नाही ते वेगळंच. आधीच शूट झालं असेल तर हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेम रेटवर काढून घ्या. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर.

तर एकटे असाल, मुलाखती किंवा चालते-फिरते व्हिडिओ करणार असाल, मंडईत किंवा स्टँडवर शूट असेल, तर कॉलर घ्या, पैसे वाया जाणार नाहीत. पण गोष्ट सांगायचीय, घरात बसून बोलणारी माणसं आहेत, त्यातून कलाकार म्हणून आई, मावशी, शेजारच्या काकू असणार आहेत आणि दांडी धरायला एक विश्वासू मित्र आहे, तर माझं मत बूमकडे जातं. तुमचा अनुभव वेगळा असू शकेल, शर्ट-पँटमधली दोन मुलं कॉलेजच्या कट्ट्यावर बोलतायत अशी फिल्म असेल तर मला आला तो त्रास तुम्हाला येणारही नाही. जमलं तर घ्यायच्या आधी एक दिवस दोन्ही भाड्याने आणा आणि तुमच्याच कलाकाराला, तुमच्याच सीनमधल्या कपड्यांत आणि दागिन्यांत बसवून ऐका.

आणि सीन संपला की कुणालाही उठू न देता त्याच खोलीचा अर्धा मिनिट नुसता आवाज घ्या, दोन वाक्यांमधल्या फटी भरायला एडिटला तोच लागतो. घरातला फ्रिज बंद केला असेल तर गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवा, म्हणजे निघताना तो चालू केल्याशिवाय तुम्ही जाऊच शकणार नाही. आत्याच्या फ्रिजमध्ये दोन दिवसांचं दूध होतं.