व्हिस्लरच्या उतारांवरील तात्कालिक हवामान अंदाजसेवा
व्हँकुव्हरच्या २०१० मधील हिवाळी ऑलिम्पिकसाठी कॅनडाच्या हवामान खात्याने उभारलेली अंदाजसेवा मला आजही अनुकरणीय वाटते. प्रशांत महासागरावरून आलेली दमट हवा स्कीइंगच्या शर्यती झालेल्या व्हिस्लर या डोंगराचा उतार चढताना पायथ्याशी पाऊस, मध्यावर धुके आणि माथ्यावर हिमवृष्टी असे चित्र एकाच वेळी निर्माण करू शकते. त्यामुळे वेगवेगळ्या उंचीवरील स्वयंचलित केंद्रे, डॉप्लर रडार (पाऊस-हिमाच्या हालचालीचा वेगही टिपणारे रडार) आणि डोंगर जाणणारे अंदाजकार यांची सांगड घालून पुढील काही तासांचा अंदाज सतत सुधारत राहण्याची पद्धत योग्यच होती. पुरुषांची डाउनहिल (उतारावरून वेगाने खाली येण्याची स्कीइंग) शर्यत हवामानामुळे १३ फेब्रुवारीवरून १५ तारखेला न्यावी लागली, आणि अशा निर्णयांसाठीच ही सेवा हवी. मधल्या उंचीवर रेंगाळणाऱ्या ढगातील दृश्यमानता सांगणे मात्र संगणकीय प्रारूपांना अवघडच गेले.