फिजिक्सच्या न्युमेरिकलसाठी कॅसिओ ९९१ईएस प्लस: कुठे कामाचा, कुठे फसवतो

बीएस्सी किंवा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षासाठी नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात कॅल्क्युलेटर घ्यायला निघालात, तर मन कॅसिओच्या ८२एमएस आणि ९९१ईएस प्लस या दोन मॉडेल्समध्ये अडकतं. नुसती बेरीज-गुणाकार आणि साइन-कॉस हवं असेल तर ८२एमएस पुरे. फिजिक्स मुख्य विषय असेल तर मात्र जास्तीचे पैसे ९९१वर घाला.

पहिलं कारण किरचॉफचे नियम, म्हणजे सर्किटमधल्या प्रवाहांची समीकरणं. तीन लूपचं सर्किट असलं की मोड, ५, २ दाबून सहगुणक भरायचे. समीकरणं आधी कागदावर एकाच क्रमात लावा. ज्या लूपमध्ये एखादा प्रवाह नाही तिथे शून्य टाका. चुका होतात त्या इथेच, मशीनमध्ये नाही. वर फेकलेल्या चेंडूचं गणितही मोड ५ मध्येच, पण वर्गसमीकरणाच्या पर्यायात करा, सॉल्व्ह या कळीने नको. २०टी − ४.९टी² = १५ (टी म्हणजे वेळ) ला दोन उत्तरं आहेत, ०.९९ आणि ३.०९ सेकंद (जाताना आणि येताना). सॉल्व्ह एका वेळी एकच देतो आणि मुलं तेवढंच लिहून मोकळी होतात.

आता फसवणूक. ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाची वारंवारता काढताना ३ गुणिले १० चा ८ वा घात, भागिले ५८९, गुणिले १०, घात उणे ९ असं सुटं-सुटं टाइप केलं की उत्तर ५.०९ × १०⁻⁴ येतं. खरं उत्तर ५.०९ × १०¹⁴. भागाकारानंतरचा गुणाकार वर, म्हणजे अंशात जातो, म्हणून चूक थेट १०¹⁸ पटीची. दहाच्या घाताची वेगळी कळ आहे, तीच वापरा, किंवा अपूर्णांकाचा साचा घ्या.

सरल आवर्त गतीत रेडियन विसरणं हा तर दरवर्षीचा कार्यक्रम. आयाम ५ सेमी, ओमेगा ४, वेळ अर्धा सेकंद: कोसाइनच्या सूत्राने विस्थापन −२.०८ सेमी. डिग्रीवर ठेवलात तर ४.९९७ येईल, आणि ते आयामाच्या आतच असल्यामुळे संशयही येणार नाही. शिफ्ट, मोड, ४ म्हणजे रेडियन. उतारावरच्या ठोकळ्याकडे वळताना ३ दाबून परत डिग्री.

सदिशाची दिशा इन्व्हर्स टॅनने काढू नका. घटक −३ आणि ४ असतील तर तो −५३.१३° सांगतो, पोल कळ बरोबर १२६.८७° देते.

शिफ्ट ७ मधले ४० स्थिरांक झकास (०६ वर प्लँक, २३ वर इलेक्ट्रॉनचा प्रभार). ३५ वरचा जी (गुरुत्वीय त्वरण) मात्र ९.८०६६५ आहे. प्रश्नात ९.८ दिला असेल तर ९.८च घाला. नागपुरात जी साधारण ९.७९ आहे, त्यामुळे लंबकाच्या प्रयोगात ९.८ ला ओढून आणायची गरज नाही. मोड ३, २ मध्ये लांबी मीटरमध्ये आणि आवर्तकालाचा वर्ग भरा, बी (रेषेचा चढ) ४.०३ च्या आसपास यावा, आणि ४π² भागिले बी म्हणजे जी. वाचन उतरवून घेण्याआधी मोड बदललात तर सगळा तक्ता उडतो.

कॅसिओने वापराची मर्यादा ४० अंश सांगितली आहे. आपल्याकडचा मे त्याच्या पुढे जातो, तेव्हा गाडीच्या डिक्कीत ठेवू नका.