अकरा महिने, ४६ सकाळी आणि ४५० रुपयांचा उपमा

परवा नेटवर्किंग ग्रुपच्या सभासदत्वाच्या नूतनीकरणाचा मेसेज आला. महिनाअखेरीच्या आत भरलेत तर ५ टक्के सूट. म्हणून हे आत्ताच लिहून टाकतो.

मी डोंबिवलीचा, सोसायट्यांचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतींच्या मजबुतीची तपासणी करतो. दर बुधवारी सकाळी सातला ठाण्याच्या एका हॉटेलात या ग्रुपच्या मीटिंगला जातो. ग्रुपचं नाव सांगत नाही. पद्धत ठाऊक असेलच: एका धंद्याचा एकच माणूस, बोलायला तीस सेकंद, रेफरलच्या स्लिपा, म्हणजे एकमेकांना गिऱ्हाईक सुचवणाऱ्या चिठ्ठ्या. फी ३८,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४४,८४०. वर दर मीटिंगला नाश्त्याचे ४५०, खा नाहीतर नका खाऊ. ४६ मीटिंगांचे २०,७०० झाले.

नाश्ता म्हणजे वाटीतून पालथी घातलेली उपम्याची मूद. गार. वर एक काजू, जो गणपतीनंतर अर्धा झाला. खजिनदारांना म्हटलं, मी घरून खाऊन येतो, माझे ४५० वगळा. म्हणाले, "त्यात हॉलचं भाडंही आहे." मग पावतीवर तसं लिहा ना! एका धंद्याचा एकच माणूस हा नियम जुना आहे, १९०५ साली शिकागोत रोटरी सुरू झाली तेव्हापासूनचा. वकील, कोळशाचा व्यापारी, खाण अभियंता आणि शिंपी असे चौघं होते. पुढे आळीपाळीने, म्हणजे रोटेशनने, एकमेकांच्या ऑफिसात जमायचे, नाव त्यावरूनच पडलं. त्यांना नाही लागलं हॉटेल.

स्लिपांचं सांगतो. पहिल्या पाच महिन्यांत मला १९ मिळाल्या. सातांनी फोनच उचलला नाही. पाच जणांच्या बेडरूमला ओल आली होती आणि ती "जरा बघून" हवी होती, म्हणजे फुकट. प्रत्यक्ष काम एक, १८,०००चं, त्यातले निम्मे अजून यायचेत. पण ग्रुपच्या बोर्डावर मात्र पूर्ण १८,००० लागले, टाळ्यांसकट. दर आठवड्याला स्लिप द्यायचीच म्हटल्यावर माणूस मेव्हण्याचाही नंबर लिहून देतो. तेव्हाच दोन स्टार देऊन मोकळा होणार होतो.

ते राहिलं उपम्यामुळेच. एकदा वैतागून बाहेर जिन्यात जाऊन बसलो, तर तिथे आमचे टाकीवाले पोळीभाजीचा डबा खात होते. ४५० भरून! सोसायट्यांच्या पाण्याच्या टाक्या साफ करतात. मीटिंगमध्ये तीस सेकंदांपैकी सात वापरतात. पहिल्यांदाच नीट बोललो. म्हणाले, "साहेब, ऑडिटमध्ये तुम्ही बघता काय?" म्हटलं, बीम-कॉलमच्या भेगा, सुटलेलं प्लास्टर, गंजलेल्या सळ्या. हात पुसून त्यांनी मोबाईल काढला. टाकीच्या बुडाखालचा स्लॅब, काँक्रीट गळून पडलेलं, सळ्या फुगून पापुद्रे सुटलेले. असे तीन सोसायट्यांचे फोटो, सेक्रेटरींच्या नंबरसकट.

सोसायट्यांच्या उपविधीप्रमाणे १५ वर्षांवरच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी, ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी व्हायला हवं. करतं कोण? पण टाकीखालचा फोटो कमिटीच्या ग्रुपवर पडला की मीटिंग त्याच रविवारी लागते. सहा महिन्यांत त्यांच्याकडून चार ऑडिटं आली, मिळून १,९०,०००. पैसे जमा.

मला ग्रुपने "पॉवर टीम", म्हणजे एकमेकांना कामं देऊ शकणारे धंदेवाले, म्हणून आर्किटेक्ट आणि बिल्डर जोडून दिले होते. ते नव्या इमारती बांधतात, माझं गिऱ्हाईक जुन्यात राहतं. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये मांडलं होतं की नवी माहिती लांबच्या ओळखीतून जास्त येते, जवळच्यांना आपल्याला ठाऊक असतं तेच ठाऊक असतं. टाकीवाले माझ्याच गावात आठ वर्षं टाक्या धूत होते. ओळख व्हायला ठाणं गाठावं लागलं, हे कबूल.

बायको म्हणाली, आता ओळख झाली, फी कशाला भरता? मलाही पटलं होतं. टाकीवाल्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "मी भरतोय. तुमच्या रिपोर्टांमुळे मला सहा सोसायट्या मिळाल्या." हे माझ्या हिशेबात कुठेच नव्हतं.

काल भरले. सूट धरून ४२,५९८. सोबत नाश्त्याबद्दल लेखी अर्जही दिलाय, अध्यक्ष म्हणाले, "बघू." सध्या तीन स्टार. काजू अख्खा झाला तर साडेतीन.