फुटक्या पायरीवरून पडल्यावर: तडजोड की दावा?

पायरी फुटलेली, कठडा हलता, जिन्यात दिवा नाही; पडून हाड मोडलं. इमारतीचा मालक म्हणतो, "आपसात मिटवू." मिटवावं की कोर्टात जावं?

वेळेच्या बाबतीत तडजोड सरळ जिंकते. दावा वर्षानुवर्षं रेंगाळू शकतो.

पैसा: तडजोडीत रक्कम बहुधा कमी, पण लवकर हातात. दाव्यात उपचारखर्च, बुडालेली कमाई, पुढचं अपंगत्व सगळं मागता येतं. मात्र वकिलाची फी आणि हरण्याची जोखीम आपली.

खरी मेख पुराव्यात. नुसतं पडलो म्हणून भागत नाही. धोका मालकाला माहीत होता किंवा असायला हवा होता, तरी दुरुस्ती केली नाही, हे दाखवावं लागतं. तुम्ही मोबाइल बघत उतरत होतात असं निघालं तर भरपाई कापली जाऊ शकते. फोटो लगेच काढा (पायरी रातोरात दुरुस्त होते!), साक्षीदार, जुन्या तक्रारी, दवाखान्याचे कागद जपा. तडजोडीतही यांच्याच जोरावर आकडा वाढतो.

तडजोडीवर सही झाली की पुढे ऑपरेशन निघालं तरी सहसा जास्त मागता येत नाही.

म्हणून दुखापत किरकोळ आणि पूर्ण बरी झालेली असेल तर तडजोड. कायमचं नुकसान असेल किंवा मालक जबाबदारीच झटकत असेल तर दावा, तोही कायद्याने दावा लावायला दिलेल्या मुदतीत. बोलणी चालू आहेत म्हणून मुदत सहसा थांबत नाही.